सेकंदाला सत्तर मीटर

बिघाड झाला तो एका झडपेत. हेलियमच्या टाकीकडून इंधनाच्या टाकीकडे जाणाऱ्या बारीक नळीतली ही झडप. हेलियमला एकाच दिशेनं जाऊ द्यायचं आणि इंधनाची वाफ उलट वर चढू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह पाण्याला परत विहिरीत उतरू देत नाही, तसं. जपानच्या ‘अकात्सुकी’ या शुक्रयानात ही झडप मिठानं गच्च झाली होती. मीठ म्हणजे अमोनियम नायट्रेट. ऑक्सिडायझरची वाफ झडपेच्या सीलमधून हळूहळू झिरपत गेली, पलीकडे तिला हायड्राझिन या इंधनाची वाफ भेटली आणि दोघींच्या संयोगातून स्फटिक तयार झाले. पृथ्वी सोडल्यापासूनच्या सहा-साडेसहा महिन्यांत हे घडत गेलं आणि त्याचा कुणाला पत्ताही लागला नाही.

७ डिसेंबर २०१० रोजी जपानच्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४९ मिनिटांनी यानाचं मुख्य इंजिन पेटलं. ते पाचशे न्यूटनचं होतं आणि त्याची नळकांडी सिरॅमिकची होती. त्यानं सुमारे बारा मिनिटं जळायचं होतं. यान प्रवासाच्या दिशेकडे इंजिनाचं तोंड करून येत होतं, कारण हे इंजिन ब्रेक म्हणून वापरायचं होतं. थोड्याच वेळात यान शुक्राच्या आड गेलं आणि संपर्क तुटला. तो तुटणारच होता. पण बाहेर येण्याची वेळ झाली तरी संदेश येईना. क्षीण संदेश सापडायला आणखी तासाहून अधिक वेळ गेला. पुढे नोंदी हाती आल्यावर समजलं की इंजिन जेमतेम १५८ सेकंद चाललं होतं. हेलियम पुरेसा पोचला नाही, त्यामुळे इंधनाचा दाब उतरला आणि मिश्रणात ऑक्सिडायझरचं प्रमाण वाढलं. ज्वाला अपेक्षेपेक्षा जास्त तापली, सिरॅमिक तडकलं, रेटा तिरका झाला, यान फिरू लागलं आणि त्याच्या संगणकानं इंजिन बंद केलं. यान शुक्राला मागे टाकून सूर्याभोवतीच्या वाटेला लागलं.

मी फावल्या वेळात कक्षांची गणितं करतो. वही, कॅल्क्युलेटर आणि लॅपटॉपवरचा एक छोटा प्रोग्रॅम, एवढंच माझं साहित्य. अकात्सुकीची ही गोष्ट मी आधी बातम्यांत वाचली होती. ती खरी कळली मात्र आकडे स्वतः मांडून पाहिल्यावर.

पहिला प्रश्न असा की थांबणं म्हणजे नेमकं किती? शुक्राच्या पृष्ठभागापासून चारशे किलोमीटरवर मुक्तिवेग सेकंदाला सुमारे १०,०३५ मीटर येतो. यान यापेक्षा जलद असेल तर निसटतं, कमी असेल तर अडकतं. अकात्सुकीला मुळात तीस तासांची कक्षा हवी होती. तिचं दूरचं टोक सुमारे ऐंशी हजार किलोमीटरवर. त्यासाठी जवळच्या बिंदूपाशी मुक्तिवेगाच्या साडेतीनशे मीटर खाली यायला हवं होतं. दहा हजारांत साडेतीनशे म्हणजे साडेतीन टक्के. ग्रहाच्या कुशीत शिरायचं की कायमचं दूर जायचं, हे एवढ्याशा फरकावर ठरतं. वहीत हा आकडा पहिल्यांदा उतरला तेव्हा मी पुन्हा एकदा सगळं मोजून पाहिलं होतं.

दुसरा प्रश्न हातात उरलंय काय, हा. सप्टेंबर २०११ मध्ये मुख्य इंजिन दोनदा थोडा वेळ पेटवून पाहिलं गेलं. रेटा अपेक्षेच्या कितीतरी खाली, जेमतेम चाळीस न्यूटन मिळाला. त्या इंजिनाचा विषय तिथेच मिटला. उरले ते यानाचं तोंड इकडेतिकडे वळवण्यासाठी बसवलेले छोटे थ्रस्टर. त्यांतले चार मोठे एकाच दिशेनं तोंड करून होते, प्रत्येकी तेवीस न्यूटनचे. त्यांना ऑक्सिडायझर लागत नाही. हायड्राझिन उत्प्रेरकावरून गेलं की आपणच विघटित होऊन तापतं आणि वायू बनून बाहेर पडतं. मग टाकीतला ऑक्सिडायझर निव्वळ ओझं ठरला. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यातला ६५ किलो अवकाशात सोडून देण्यात आला. हा निर्णय मला फार धीराचा वाटतो. मुख्य इंजिन कधी सुधारेल ही शेवटची आशाही त्या ६५ किलोंबरोबर सोडायची होती, आणि त्यांनी ती सोडली. यान हलकं झालं. हलकं यान थोड्या रेट्यातही जास्त मंदावतं.

यानंतरचं काम वाट पाहण्याचं होतं, पण हात बांधून बसण्याचं नव्हतं. चुकलेल्या सकाळनंतर अकात्सुकी सूर्याभोवती २०३ दिवसांत फेरी मारत होतं, शुक्र जवळजवळ २२५ दिवसांत. गुणाकार करून पाहा. यानाच्या अकरा फेऱ्या आणि शुक्राच्या दहा फेऱ्या जवळजवळ जुळतात, म्हणजे भेट सहा वर्षांनी. यान मात्र साडेचार वर्षांच्या आयुष्याच्या हिशोबानं बांधलेलं. म्हणून नोव्हेंबर २०११ मध्ये, सूर्याच्या सर्वांत जवळ असताना, छोट्या थ्रस्टरांनी तीनदा वेग कमी केला. फेरी सुमारे दोनशे दिवसांवर आली. आता नऊ फेऱ्यांना शुक्राच्या आठ फेऱ्या जुळत होत्या आणि भेट २०१५ च्या अखेरीस येत होती. सूर्याला वळसा घालताना प्रत्येक वेळी यानाला रचनेत धरलेल्यापेक्षा सुमारे ३७ टक्के जास्त उष्णता सोसावी लागली. असे नऊ वळसे त्यानं घेतले.

माझ्या प्रोग्रॅममध्ये मी सूर्य, शुक्र आणि यान असे तीनच घटक ठेवले. पुढच्या प्रत्येक क्षणी कोण कुणाला किती ओढतं हे काढायचं, सर्वांना किंचित पुढे सरकवायचं, आणि पुन्हा तेच. यान शुक्रापासून लांब असताना क्षणाची लांबी मोठी ठेवली तरी चालते. शुक्राजवळ आल्यावर ती सेकंदावर आणावी लागते, नाहीतर संगणकातलं यान फुकटची ऊर्जा कमावतं आणि खोट्या वाटेनं जातं. मग ब्रेक. चार थ्रस्टर, बारा-पंधराशे सेकंद. ब्रेक जवळच्या बिंदूच्या अलीकडे आणि पलीकडे सारखा वाटला तर कक्षा सर्वांत लहान मिळते. आकडे सरळ होते. मूळ बेतात पाचशे न्यूटन गुणिले बारा मिनिटं म्हणजे ३,६०,००० न्यूटन-सेकंद होते. आता ब्याण्णव न्यूटन गुणिले १२२८ सेकंद म्हणजे १,१३,०००. एक तृतीयांशाहूनही कमी. एवढ्यात तीस तासांची कक्षा मिळणं शक्य नव्हतं. मिळाली ती जवळजवळ चौदा दिवसांची, दूरचं टोक ४,४०,००० किलोमीटरवर. अशा कक्षेत जवळच्या बिंदूपाशी यानाचा वेग मुक्तिवेगाच्या खाली असतो तो फक्त सेकंदाला सत्तर मीटर.

इथून पुढचा भाग मला सर्वांत गुंतवून ठेवतो. ४,४०,००० किलोमीटर म्हणजे शुक्राच्या गुरुत्वाच्या हद्दीच्या जवळपास निम्म्यावर. ती हद्द दहा लाख किलोमीटरच्या आसपास संपते. एवढ्या लांब गेलेल्या यानाला सूर्य गप्प सोडत नाही. शुक्राला आणि यानाला सूर्य किंचित वेगवेगळ्या जोरानं ओढतो, आणि हा फरक दूरच्या टोकाशी यानाला पुढे ढकलतो किंवा मागे खेचतो. कक्षेचं टोक सूर्याच्या रेषेशी कोणत्या कोनात आहे त्यावर ते ठरतं. पुढे ढकललं तर जवळचा बिंदू वर उचलला जातो. मागे खेचलं तर तो खाली येतो. मी वेगवेगळे कोन देऊन यान सोडत गेलो. प्रतिकूल कोनात चारशे किलोमीटरवरून निघालेलं यान पहिल्याच फेरीनंतर थेट शुक्रावर आदळायचं. अनुकूल कोनात तोच बिंदू एका फेरीत पाच हजार किलोमीटर वर जायचा. शुक्र सूर्याभोवती सरकतो तसा हा कोनही बदलत राहतो आणि साधारण छप्पन दिवसांनी बाजू पालटते. म्हणजे येऊन अडकलं की काम संपलं असं नाही. वर्षानुवर्षं टिकेल अशा कोनात येऊन अडकायला हवं.

हे काम जपानी अवकाश संस्थेत चिकाको हिरोसे यांनी केलं. आधी ठरलेली तारीख २२ नोव्हेंबर २०१५ होती. तशी पोच झाली असती तर यान शुक्राभोवती फार काळ टिकलं नसतं. हजारो पर्यायी मार्ग तपासून त्यांनी टिकाऊ कक्षा शोधली आणि भेटीची तारीख ७ डिसेंबरवर आणली. पाच वर्षांपूर्वीची तीच तारीख. जुलै २०१५ मध्ये त्यासाठी वाट किंचित वळवण्यात आली. मासातो नाकामुरा यांच्या नेतृत्वाखालच्या या गटाकडे लोकांचं लक्ष गेलं ते ७ डिसेंबरच्या वीस मिनिटांमुळे. माझ्या मनात मात्र त्या आधीची शांत वर्षं जास्त ठळक आहेत. रोज कुणीतरी एक आकडा बदलत होतं आणि यान कुठे पडतं ते पाहत होतं.

चारही थ्रस्टर वीस मिनिटं अठ्ठावीस सेकंद चालले. वळण्यासाठी बनवलेल्या थ्रस्टरांनी यान ग्रहाभोवती कक्षेत नेलं. त्याच आठवड्यात कॅमेऱ्यांनी शुक्राच्या ढगांत धनुष्याच्या आकाराची दहा हजार किलोमीटर लांबीची लाट टिपली. भोवतीचे वारे प्रचंड वेगानं वाहत असताना ती खालच्या उंच प्रदेशावर जागच्या जागी उभी होती. यान एप्रिल २०२४ पर्यंत संपर्कात राहिलं.

एका झडपेनं एवढं रामायण घडवल्यावर मी झडपांच्या इतर कहाण्या शोधू लागलो. अमेरिकेचं ‘मार्स ऑब्झर्व्हर’ २१ ऑगस्ट १९९३ रोजी, मंगळाच्या कक्षेत शिरायला तीन दिवस उरले असताना, टाक्यांमध्ये दाब भरताना गप्प झालं. चौकशीत बहुधा तेच कारण निघालं. प्रवासात झडपांतून झिरपलेला ऑक्सिडायझर नळीत इंधनाला भेटला आणि नळी फुटली. ऑक्टोबर २०१६ मध्ये गुरूभोवती फिरणाऱ्या ‘जूनो’च्या दोन हेलियम झडपा सेकंदांऐवजी काही मिनिटांनी उघडल्या. ते पाहून इंजिन पेटवण्याचा बेत सोडून दिला, आणि जूनो चौदा दिवसांऐवजी त्रेपन्न दिवसांच्या कक्षेतच राहिलं. इंजिन न पेटवण्याचा हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. कामाची कक्षा असताना नेटक्या कक्षेसाठी यान पणाला लावायचं कशाला?

आपल्या मंगळयानाच्या वेळी ही भीती बंगळुरूत ठाऊक होती. १ डिसेंबर २०१३ नंतर त्याचं ४४० न्यूटनचं इंजिन जवळजवळ तीनशे दिवस निजलेलं होतं. म्हणून इंधनाच्या नळ्यांचा आणि झडपांचा दुसरा जोड बसवलेला होता. २२ सप्टेंबर २०१४ रोजी इंजिन चार सेकंद पेटवून पाहिलं. ते पेटलं नसतं तर पर्याय तयार होता, बावीस न्यूटनचे आठ थ्रस्टर. २४ तारखेला सकाळी मी दूरदर्शनसमोर होतो. इंजिन आणि आठही थ्रस्टर मिळून १३८८ सेकंद चालले आणि वेग सेकंदाला १०९९ मीटरनं कमी झाला. त्या दुसऱ्या पर्यायाचं गणित मी नंतर मांडलं. फक्त आठ थ्रस्टरांच्या १७६ न्यूटनांत तेवढाच ब्रेक लावायचा तर ऐंशी मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात यान मंगळापासून बरंच लांब गेलेलं असतं, आणि लांब लावलेला ब्रेक निम्मा वाया जातो. म्हणून कक्षा मिळाली असती तरी ती बेतातल्यापेक्षा फार लांबट झाली असती.

आता ताऱ्यांकडे. अकात्सुकीच्याच रॉकेटमधून ‘इकारोस’ नावाचं दुसरं यान गेलं होतं. त्याला इंजिनच नव्हतं. होतं ते चौदा मीटर बाजूचं, साडेसात मायक्रोमीटर जाडीचं शीड. सूर्यप्रकाशाच्या दाबानं त्याला जेमतेम एक मिलिन्यूटन रेटा मिळायचा. अकात्सुकीचा ब्रेक फसला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर २०१० रोजी, इकारोस ठरल्याप्रमाणे शुक्राजवळून गेलं. दुसऱ्या ताऱ्यापाशी थांबण्याचा आजच्या कागदांवरचा सर्वांत पटणारा मार्ग म्हणजे असंच शीड. २०१७ मध्ये रेने हेलर आणि मिखाएल हिपके यांनी मांडलं की एक लाख चौरस मीटरचं आणि शंभर ग्रॅमहून हलकं शीड सेकंदाला १३,८०० किलोमीटर वेगानं अल्फा सेंटॉरीपर्यंत ९५ वर्षांत जाऊ शकेल. तिथल्या ताऱ्याच्या अगदी जवळून जाताना त्याच्याच प्रकाशानं ते मंदावेल.

मी हेही प्रोग्रॅममध्ये घालून पाहिलं. या वेगात पृथ्वी-सूर्याएवढं अंतर तीन तासांत संपतं. सगळा ब्रेक त्या काही तासांतच लागतो. शिडाचा अर्धाच भाग उघडला असं धरलं, तर यान किंचित वळतं आणि निघून जातं. तिथे चार थ्रस्टर नाहीत, टाकून द्यायला ६५ किलो नाहीत आणि आठ फेऱ्यांनी पुन्हा भेट नाही. काय झालं हे पृथ्वीवर कळायला चार वर्षांहून जास्त लागतील आणि उत्तर पोचायला पुन्हा तेवढीच. हिरोसे यांनी पाच वर्षांत केलेलं काम तिथे निघण्याआधीच पूर्ण करून ठेवावं लागेल. अर्धं शीड उघडलं तर काय, पाव उघडलं तर काय, अल्फा सेंटॉरीच्या पहिल्या ताऱ्यानं सोडलेलं यान शेजारच्या दुसऱ्या ताऱ्याकडे वळवता येईल का? मी सध्या या शेवटच्या प्रश्नावर आहे. दोन्ही ताऱ्यांमधलं अंतर सुमारे ऐंशी वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होतं, त्यामुळे निघण्याचं वर्ष बदललं की उत्तरही बदलतं. मी एकेक वर्ष घेऊन तपासतो आहे.