काँप्रेसर पेडल आणि मागून येणारी गुणगुण

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वरातींतून आणि गणपतीच्या मिरवणुकांतून वाजणारा ‘बँजो’ हे वस्तुतः बुलबुलतरंगाचे विद्युत रूप असून, त्याचे मूळ मोरिता गोरो यांनी १९१२ साली जपानमधील नागोया येथे घडविलेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. त्याच्या पोलादी तारांची कंपने पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तारेची वेटोळी, विजेच्या संकेतात बदलतो. म्हणूनच गिटारचे काँप्रेसर पेडल त्याला सहज जोडता येते आणि गिटारवादकांची डोकेदुखीही त्यासोबत येते.

काँप्रेसर ठरावीक पातळीपेक्षा मोठा आवाज दाबतो आणि त्यामुळे आलेली घट भरून काढण्यासाठी सगळाच संकेत वाढवितो. भरपाई १० डेसिबलची असेल, तर वादन थांबताच दाब सुटून आधीची खरखरही १० डेसिबलने वर येते. सूर छेडून तो विरेपर्यंत कान देऊन ऐकले असता गोंगाट हळूहळू फुगत गेला, तर तो पेडलच्या आधी किंवा पेडलमध्येच शिरलेला असतो. वादनाशी काहीही संबंध न ठेवता एकाच पातळीवर राहिला, तर दोष पुढे ॲम्पकडे शोधावा लागतो.

वाद्य जागच्या जागी फिरविल्यावर कमी-जास्त होणारी जाड गुणगुण ही ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची असते व ती जवळच्या ट्रान्सफॉर्मरपासून पिकअपमध्ये शिरते. बारीक शिट्टी मात्र बहुधा अडॅप्टरची. पेडलला बॅटरीची सोय असल्यास ९ व्होल्टची बॅटरी लावताच शिट्टी गेली, तर निदान झालेच. एकाच अडॅप्टरवर पेडल आणि डिजिटल यंत्र दोन्ही चालविल्यास सामाईक ऋण तारेतून डिजिटल भागाची कुरकुर पेडलमध्ये उतरते, म्हणून दोहोंचा पुरवठा अलग ठेवावा लागतो. गुणगुण घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा इलाज मात्र निव्वळ जिवाशी खेळ आहे.

डिजिटल ॲम्पच्या तयार सेटिंगमध्ये पुष्कळदा आणखी एक काँप्रेसर दडलेला असतो. तो तसाच राहिल्यास गोंगाट दोनदा उचलला जातो. गोंगाट अडविणारे नॉइझ गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे यंत्र, काँप्रेसरच्या आधी लावणे बरे, कारण काँप्रेसरनंतर सूर आणि खरखर यांतील अंतर इतके घटलेले असते की गेटची पातळी कुठे ठेवावी हेच ठरत नाही.

२०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या सतारीला पिकअप लावला, तर हाच हिशेब उलटतो. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा घासून कारागीर जी जवारी साधतो, तिची झणझण सूर विरतानाही हवीच असते, आणि कडक लावलेले गेट नेमकी तीच छाटते. तेथे गेट काढून काँप्रेसरची भरपाई कमी करणे, आणि उरलेली थोडी खरखर चालवून घेणे, हेच शहाणपणाचे.