गाडीच्या पायांकडेही बघा!

नातेपुत्यात आता पुष्कळ घरांच्या दारात चारचाकी उभी दिसते. अकलूजचा दवाखाना, शिंगणापूरचं दर्शन, पंढरीची एकादशी, माहेरचं लग्न, सगळीकडे तीच धावते. गाडी धुतली-पुसली जाते, पुढे लिंबू-मिरचीही बांधली जाते. पण ज्या चार टायरांवर सारं घर बसलेलं असतं, त्यांच्याकडे वाकून कोण बघतो? "ते ह्यांचं काम" म्हणून आपणही मोकळ्या होतो. खरं तर या कामाला ना फार ताकद लागते, ना मेकॅनिकची विद्या. गॅसची नळी आणि कुकरची शिट्टी आपण नजरेखालून घालतो ना? तसंच हे.

पालखीचा रस्ता आता रुंद झाला आहे. चौपदरी पालखी महामार्गाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये बसली. रस्ता चांगला झाला की वेग वाढतो आणि टायरवरचा ताणही वाढतो. त्यात आपला सोलापूरकडचा उन्हाळा!

या उन्हाळ्यापायीच एक समजूत घरोघरी ऐकू येते. "अहो, हवा बघितलीत का?" विचारलं की उत्तर येतं, "उन्हाळ्यात कमीच बरी, नाहीतर टायर फुटायचा!" ही समजूत अगदी उलटी आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते नि उठते. तार पुन्हापुन्हा वाकवली की हाताला गरम लागते, तसाच हा टायर आतून तापतो. वर भरलेली गाडी, वेग आणि ऊन. मग तो फुटतो.

तेव्हा हवा किती हवी? ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक पट्टी चिकटवलेली असते. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे तिच्यावर असतात. गाडी भरलेली असेल तर वेगळे. तो आकडा वहीत लिहून ठेवा. टायरवर कोरलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. लांबून आल्यावर आकडा तीन-चारने चढलेला दिसतो. तेव्हा हवा सोडू नये.

महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी एवढं पाहा:

१. चारही टायरची हवा, आणि स्टेपनीचीसुद्धा. ऐन वेळी स्टेपनीच बसलेली निघते!

२. व्हॉल्व्हची टोपणं जागेवर आहेत ना?

३. नक्षी. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय ही इंग्रजी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत खाचेत बारीक उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलायलाच हवा. 'गोटा' झालेला टायर पावसात हमखास घसरतो.

४. झीज कुठे आहे? दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधलाच भाग झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेली.

५. बाजूला फुगवटा किंवा चीर दिसली तर तो टायर प्रवासाला नको. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा किंवा बाभळीचा काटा रुतला असेल, तर घरी उपटू नका. हवा बघून जवळच्या पंक्चरवाल्याकडे न्या.

६. वय. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या. दहाच्या पुढे वापरूच नका.

हा बाऊ नव्हे. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि टायर फुटून होणाऱ्या अपघातांमुळे २०२३ मध्ये आरटीओला तिथे टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या.

आणि चालत्या गाडीचा टायर फुटलाच तर? गाडी चालवणाऱ्याने ब्रेक करकचून दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ धरावं, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढावा आणि वेग उतरल्यावर गाडी डावीकडे घ्यावी. शेजारी बसणाऱ्या आपणही हे पाठ करून ठेवावं. किंचाळण्यापेक्षा "ब्रेक नको!" एवढे दोन शब्द जास्त कामाला येतील.