रानटी घोडे माणसाळविणे
रानटी घोडे माणसाळविणे : मुक्त संचार करणाऱ्या घोड्यांना धाक वा मारहाण न करता माणसाच्या सहवासाची सवय लावणे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मस्टँग हे स्पॅनिश वसाहतकारांनी आणलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज होत. १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले. पुढे संख्या वाढल्याने अतिरिक्त घोडे दत्तक देण्यात येऊ लागले. प्रौढ घोड्यासाठी पालकाकडे सु. १·८ मी. उंच कुंपणाचे आवार असावे लागते.

घोडा हा हिंस्र पशूंचे भक्ष्य असल्याने पळणे हाच त्याचा मुख्य बचाव असतो. म्हणून पालक हळूहळू जवळ जातो, घोडा बिथरण्यापूर्वीच थांबतो आणि त्याने शांतपणे वळून पाहताच मागे सरतो. दाब दूर होणे हेच घोड्याचे बक्षीस होय; तो उधळला असता दाब काढल्यास तो उधळणेच शिकतो. यानंतर स्पर्श, म्होरकी घालणे, दोरीने चालविणे व खूर उचलणे हे टप्पे येतात.

दाब काढण्याचा नेमका क्षण ओळखणे नवख्या पालकास कठीण जाते. अनुभवी मार्गदर्शक कुंपणाबाहेर राहून तो दाखवून देतो. घोडा त्यानेच माणसाळविल्यास पालक अननुभवीच राहतो व घरी नेलेला घोडा पुन्हा बुजू लागतो. टॉम डोरन्स (१९१०–२००३) व रे हंट (१९२९–२००९) यांनी या सौम्य पद्धतीचा प्रसार केला.