शोधून सापडेना! हरवलेली वेबसाइट परत कशी आणाल?

आपल्यापैकी किती घरांचा जोडधंदा आज वेबसाइटच्या आधारावर चालतो, ते जरा आठवून पाहा. ऑकलंडला कुणी डबे देतं, हॅमिल्टनला कुणी तबला शिकवतं, वेलिंग्टनला कुणी टॅक्सची कामं करतं. देशातून नव्यानं आलेलं कुटुंब गूगलवर शोधतं आणि फोन फिरवतं. मग एके दिवशी हे फोन येईनासे होतात. साइट जागच्या जागी असते, पत्ता टाकला की उघडतेही. पण शोधणाऱ्याला ती दिसत नाही. भर बाजारातल्या दुकानाची पाटीच कुणी उतरवावी, तशी ही गत!

मंडळी, अशा वेळी घाबरून जाऊ नये. भल्याभल्यांवर ही पाळी आली आहे. २००६ साली बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलनं यादीतून काढली, कारण शोधयंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच दाखवलं जात होतं. २०१३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या इंटरफ्लोरा या फुलं पोचवणाऱ्या कंपनीची साइट गडप झाली, तीही तिकडचा मदर्स डे तोंडावर आलेला असताना. त्याच वर्षी नाताळात रॅप जीनियस या गाण्यांच्या अमेरिकन साइटचं तेच झालं. या दोघांना बाहेरच्या साइटवरचे बनावट किंवा पैसे मोजून मिळवलेले दुवे भोवले. पण बीएमडब्ल्यू काही दिवसांत परतली, इंटरफ्लोरा ११ दिवसांत आणि रॅप जीनियस १० दिवसांत. रॅप जीनियसच्या मुलांनी तर आपल्याकडे येणारे दुवे हुडकायला खास प्रोग्रॅम लिहिला आणि पावणेदोन लाखांहून अधिक पानं चाळली.

आपलं दुकान लहान, पण रीत तीच. आधी खात्री करून घ्या, की साइट यादीतून गेली आहे की नुसतीच मागे पडली आहे. गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट' हा शब्द लिहा, त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं द्या आणि लगेच आपला पत्ता टाका. पानं दिसली तर साइट यादीत आहे; एकही दिसलं नाही, तर ती बहुधा बाहेर पडली आहे.

मग कारण शोधायचं. गूगलचं 'सर्च कन्सोल' फुकट मिळतं. साइट आपलीच आहे हे एकदा सिद्ध केलं की ते बरंच काही सांगतं. पुष्कळदा कारण अगदी साधं निघतं. साइट नव्यानं बांधताना 'हे पान यादीत घेऊ नका' अशी खूण, म्हणजे 'नोइंडेक्स', घालतात आणि ती काढायची राहून जाते. ती काढा आणि पान पुन्हा तपासायची विनंती करा, झालं काम. पत्त्याची वर्गणी भरायची राहिली असेल, तर ज्यांच्याकडून पत्ता घेतला त्यांना त्याच दिवशी फोन लावा. उशीर झाला तर तो दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो.

चोर शिरला असेल, तर मात्र काम वाढतं. औषधांच्या नाहीतर जुगाराच्या जाहिरातींची पानं आपल्या साइटमध्ये लपवून ठेवलेली सापडतात. सगळे पासवर्ड बदला, साइट चालवणारं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, घुसलेली पानं काढून चांगली प्रत परत चढवा. प्रत जपून ठेवली नसेल, तर इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जुनी पानं मिळू शकतात. इथल्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राकडे तक्रारही नोंदवता येते.

गूगलच्या माणसांनी स्वतः पाहून शिक्षा केली असेल, तर सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन' अशी नोंद दिसते. तिथे पुनर्विचाराचा अर्ज करता येतो. काय चुकलं, काय दुरुस्त केलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे सरळ लिहा. सबबी नकोत. उत्तराला कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. दुरुस्ती अर्धवट ठेवून रोज नवा अर्ज धाडण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी हवी. 'आठवड्यात पहिल्या नंबरवर आणतो' म्हणणारे फोन याच काळात येतात. अशी हमी कुणालाच देता येत नाही. विकतचे दुवे घेतलेत, तर पुन्हा तीच शिक्षा!

साइट परत येईपर्यंत धंदा थांबवायचं मात्र कारण नाही. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि ईमेल वेगळ्या वहीत उतरवलेले असू द्यात. ही वही आजच करायला घ्या. साइट हरवल्यावर ती करायला बसलात, तर उशीर झालेला असेल.