आधी कान, मग आवाज

‘हाताशी असलेली यंत्रं’ : भाग ७

माझी भाची डोंबिवलीहून रोज लोकलनं कॉलेजला जाते. परवा तिनं विचारलं, “मामा, पाचशेच्या आत वायरवाला इअरफोन घ्यायचाय. कुठला घेऊ?” मला तिचा विचार आवडला. ब्लूटूथवाल्यात तेवढ्याच पैशांत बॅटरी, चार्जिंगची डबी, चिप असं सगळंच भागवावं लागतं. इथं पैसा आवाजावर आणि वायरवर लागतो. पण नाव सांगण्याऐवजी मी माझ्याकडचा एक स्वस्तातला इअरफोन काढला आणि पारखायचं कसं ते तिला दाखवलं.

खोक्यावरचे आकडे आधी बाजूला ठेवायचे. ‘२० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ’ जवळपास प्रत्येकावर छापलेलं असतं. ती माणसाच्या ऐकण्याची ढोबळ मर्यादा झाली. त्या पट्ट्यात कुठला सूर दबतो आणि कुठला उसळतो, हे त्यावरून कळत नाही, आणि आवाजाची प्रत तर तिथंच ठरते. ‘१० मिमी ड्रायव्हर’ म्हणजे आतला हलणारा पडदा केवढा, इतकंच. १६ किंवा ३२ ओहम लिहिलं असेल तर फोनला जड जात नाही. तिथं फार डोकं लावू नये.

खरी गोष्ट खोक्यातल्या छोट्या पिशवीत असते. लहान-मोठ्या रबरी टोप्यांच्या जादा जोड्या. पुष्कळ जण ती पिशवी उघडतही नाहीत. खर्जातला आवाज आपल्यापर्यंत येतो तो कानाच्या बंद नळीतल्या हवेच्या दाबानं. टोपी सैल असली की फटीतून दाब निसटतो, खर्ज नाहीसा होतो आणि आपण म्हणतो, इअरफोनमध्ये दम नाही. भीमसेन जोशींचा एक अभंग लावून मी भाचीला इअरफोन बोटानं हलकेच आत दाबायला सांगितला. “मामा, पखवाज आला!” ती जवळजवळ ओरडलीच. उजव्या कानाला मधली टोपी पुरली, डाव्याला मोठी लागली. दोन्ही कान सारखेच असतील असं नसतं.

नीट बसलेली टोपी गाडीचा खडखडाटही अडवते, म्हणून आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं. ९० डेसिबलला हीच मुदत ४ तासांवर येते. रोज दोन तास लोकलमध्ये काढणाऱ्या मुलीसाठी मला त्या टोपीइतकं मोलाचं दुसरं काही वाटत नाही. रस्ता किंवा रूळ ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळेच हवेत.

आता आवाज. परीक्षेला नवं गाणं नको, शेकडो वेळा ऐकलेलं हवं. मी अभंग लावतो तो टाळासाठी. टाळाची आस विरेपर्यंत ऐकू यायला हवी. नुसतं छन्‌छन्‌ आलं तर वरचे सूर ओबडधोबड आहेत. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूची थाप घुमावी आणि थांबावी. दुकानात दोन मिनिटांत छाप पडावी म्हणून स्वस्त इअरफोनमध्ये बेस अनेकदा फुगवलेला असतो. मग एक थाप दुसरीत मिसळते आणि गाणाऱ्याचा गळा झाकोळतो. शेवटी बातम्या लावा. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर अर्ध्या तासात कान शिणतात.

माझ्या खणात एका कानानं गेलेले तीन इअरफोन पडून होते. त्यांतला एक ब्लेडनं चिरला. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा, लाल-हिरवा मुलामा दिलेल्या, आणि मधोमध बळकटीसाठी पांढरा दोरा. दोरा शाबूत होता. तारा तुटल्या होत्या पिनेच्या अगदी मुळाशी, फोन खिशात घातला की वायर मुडपते तिथं. उरलेले दोनही तिथंच गेलेले. तेव्हापासून मी काटकोनात वळलेली पिन आणि तिच्या मुळाशी लवचीक रबरी बाही बघतो. बाही कडक असली की सगळा ताण एकाच जागी येतो. गाणं चालू असताना तिथली वायर हलवून पाहा. खरखर झाली तर तो इअरफोन घेऊ नका.

बोलण्यासाठी माइक हवा असेल तर पिनेवरच्या पट्ट्या मोजा. तीन असतील तर माइकची सोय असते, दोनच असतील तर नसते. भाचीच्या फोनला गोल जॅक आहे, म्हणून तिला एवढं पुरलं. ज्यांच्या फोनला फक्त टाइप-सी आहे, त्यांच्यासाठी वायर आणि फोन यांच्यामध्ये बहुधा आणखी एक छोटी चिप येते. पुढच्या आठवड्यात ती उघडून बघू.