पुठ्ठ्यावरील असईचे रणक्षेत्र

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची हौस महाराष्ट्रातील मुलांस पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच हौसेला थोडी शिस्त लावली, तर इतिहासातील एखादी खरी लढाई घरातील फळीवर अल्प खर्चात उभी करता येते. जालना जिल्ह्यात असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली लढाई ह्या कामास फार सोयीची आहे.

केळणा व जुई ह्या नद्यांच्या संगमानजीक, दोहोंमधील जमिनीवर, दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांचे सैन्य केळणेच्या उत्तर काठाने दक्षिणाभिमुख उभे होते. आर्थर वेलस्ली समोरून न भिडता पूर्वेकडे वळला. तेथे पिंपळगाव व वरूड ही गावे दोन काठांवर समोरासमोर दिसली. वाटाडे तेथे उतार नाही म्हणत होते. परंतु अशी गावे उताराशिवाय वसत नाहीत, हे अनुमान त्याने केले आणि ते खरे ठरले.

आता रचना पाहू. फळीला निळा कागद चिकटवावा. तोच नद्यांचा तळ. जमिनीच्या आकाराचे जुन्या खोक्यांचे पुठ्ठे खळीने एकावर एक बसवावेत व नद्यांची पात्रे मोकळी सोडावीत. सुकताना पुठ्ठा वाकतो, म्हणून वर वजन ठेवावे. कडांवर रद्दी कागदाचा लगदा पातळ थरांनी लिंपावा. जाड थर तडकतो. ओल्या खळीवर चाळलेली काळी माती भुरभुरावी. उभ्या पिकासाठी हिरवा रंगविलेला लाकडाचा भुसा, झाडांसाठी काटक्या व घोसाळ्याची वाळलेली जाळी, आणि असई गावासाठी आगपेट्या पुरतात.

एक वीत म्हणजे अर्धा मैल धरल्यास तीस फुटी काठ ज्वारीच्या दाण्याएवढाही भरत नाही. म्हणून उंची पाचपट घ्यावी. उताराच्या जागी मात्र काठ कापून घसरण करावी.

सैन्यासाठी रंगीत कागदाच्या पट्ट्या घ्याव्यात. शिंद्यांची पट्टी प्रथम केळणेलगत ठेवावी. इंग्रज उतरताच पोलमन ह्या सेनानीने कवायती पलटणांची फळी पूर्वाभिमुख फिरविली, तशी ती फिरवावी. तिचे एक टोक असई व जुईला, दुसरे केळणेला टेकते. मग दोन गोष्टी मुलास बोटाने दाखविता येतात: अफाट घोडदळाला शत्रूस वळसा घालण्यास वाव उरला नाही, आणि असईतील तोफांपुढे सापडलेल्या इंग्रज तुकडीची दाणादाण का उडाली. शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या. परंतु वेलस्लीचेही दीड हजारांवर लोक ठार व जखमी झाले.

मराठे केवळ फितुरीने किंवा शिस्तीच्या अभावी हरले, असे सरसकट सांगण्याची सवय आहे. पुठ्ठ्यावर ती पट्टी एकदा फिरवून पाहिली, म्हणजे ऐन वेळी हजारोंची फळी वळविणाऱ्या शिपायांस बेशिस्त म्हणवत नाही.

फळी पुरी झाल्यावर मुलांस घेऊन असईला जावे. पुठ्ठ्यावरील दोन्ही नद्या तेथे आजही आहेत.