लेकीचे विमान पोहोचते कधी?

आमच्या चाळीतील एक मुलगी ऑगस्टमध्ये शिकायला न्यूयॉर्कला गेली. तिकिटावर लिहिले होते : मुंबईहून सुटणार रात्री १.३०, न्यूयॉर्कला पोहोचणार सकाळी ८.००, तारीख तीच. घरच्यांनी साडेसहा तासांचा हिशेब धरला. सकाळचे दहा वाजले, बारा वाजले, फोन नाही. आईने तोंडात घास घेतला नाही. रविवार असल्याने मी घरी होतो. तिकीट मागवून कागदावर आकडेमोड मांडली.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. नुसता भागाकार केला तरी चौदा तास होतात. त्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, म्हणून थेट विमानालाही सुमारे सोळा तास लागतात. येताना तेच वारे पाठीशी असतात, तेव्हा थोडा वेळ वाचतो.

मग साडेसहा तास आले कुठून? तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असते, हिवाळ्यात साडेदहा. रात्रीच्या दीडमध्ये सोळा तास मिळवा, आपले संध्याकाळचे साडेपाच झाले. त्यातून साडेनऊ वजा करा, तिथले सकाळचे आठ! परतीला उलटे होते. तिथून दुपारी बाराला सुटलेले विमान पंधरा तास उडून आपल्याकडे दुसऱ्या दिवशी साडेबाराला उतरते. कागदावर ते साडेचोवीस तास दिसतात.

रस्त्याचेही तसेच. भिंतीवरच्या नकाशात वाटते, विमान अरबस्तान-आफ्रिकेवरून सरळ पश्चिमेला जात असेल. मुलांच्या शाळेतील पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. तो उत्तरेकडे वळून आइसलँडवरून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. जवळचा रस्ता तोच. मात्र वारे किंवा बंद हवाई हद्द यामुळे वळसा पडू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा पश्चिमेकडील अनेक प्रवास लांबले. मध्ये विमान बदलायचे असेल, तर थांब्याचे तास वेगळे धरावेत.

१९१३ साली बाबासाहेब याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकायला बोटीने गेले. तेव्हा हा प्रवास आठवड्यांत मोजत. खुशालीचे पत्र यायलाही तितकाच काळ जाई. आपल्याला एक दिवस धीर धरायचा असतो.

संध्याकाळी पावणेसातला फोन वाजला. “आई, आत्ताच बाहेर आले. इथे सकाळ आहे.” आई रडली, मग चुलीकडे वळली.

ज्यांची मुले परदेशी निघाली आहेत त्यांनी एवढे करावे : निघण्याआधी मुलांकडूनच आपल्या घड्याळाप्रमाणे पोहोचण्याची वेळ लिहून घ्यावी, त्यात दीड-दोन तास विमानतळावरील तपासणीचे मिळवावेत आणि तो कागद घड्याळाखाली चिकटवावा.